फुटबॉलपटू नेव्हिल डिसोझा

मालवणहून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे निघाले, म्हणजे वेंगुर्ले, शिरोडा, रेडी ही गावे एकामागून एक लागतात आणि शेवटी तेरेखोलची खाडी आडवी येते. या परिसरात सिंधुदुर्ग जिल्ह्याची हद्द संपते व गोव्याची भूमी सुरू होते. हद्दीच्या दोन्ही अंगांस तेच माड, तीच तांबडी माती, तीच भातशेते आणि थोड्याफार फरकाने तीच बोली. निसर्गाने एकत्र ठेवलेल्या या मुलखामधून इतिहासाने मात्र एक रेषा ओढली होती. इ. स. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा बेट जिंकून घेतले आणि पुढे साडेचारशे वर्षे, म्हणजे १९६१ सालच्या डिसेंबरपर्यंत, त्यांची सत्ता गोव्यात टिकून राहिली. १९४७ साली भारत स्वतंत्र झाला, तेव्हाही खाडीपलीकडे पोर्तुगालचेच निशाण फडकत होते.

अशा या गोव्यातील एका ख्रिस्ती घराण्यात ३ डिसेंबर १९३२ रोजी नेव्हिल डिसोझा यांचा जन्म झाला. ज्या प्रदेशावर परक्यांचे राज्य होते, त्या प्रदेशाच्या या सुपुत्राने पुढे स्वतंत्र भारताच्या फुटबॉल संघात स्थान मिळवले आणि ऑलिंपिकच्या मैदानावर तोपर्यंत कोणत्याही आशियाई खेळाडूला न साधलेला पराक्रम करून दाखवला. त्यांची जीवनकथा ही एका खेळाडूची कथा तर आहेच. पण पराभवाने न खचता चार वर्षांत स्वतःला घडवणाऱ्या एका संघाचीही ती कथा आहे.

गोव्यात फुटबॉलचा खेळ कसा आला, हे जाणून घेण्यासारखे आहे. राज्य पोर्तुगीजांचे असले, तरी हा खेळ गोव्यात आणला तो एका ब्रिटिश धर्मगुरूने. विल्यम रॉबर्ट लायन्स हे त्यांचे नाव. १८८३ साली ते बार्देश तालुक्यातील शिवोली या गावी आले. मुलांच्या शिक्षणात पुस्तकांच्या जोडीला मैदानावरील खेळही असला पाहिजे, असे त्यांचे मत होते. त्यांनी तेथील मुलांना फुटबॉल शिकवला. हळूहळू हा खेळ शाळांतून गावांत आणि गावांतून वाड्यावाड्यांत पसरला. भाताची कापणी झाली, की मोकळी पडलेली शेते हीच मुलांची क्रीडांगणे होत. या खेळाला फारशी सामग्री लागत नाही. एक चेंडू, थोडी सपाट जागा आणि दोन्ही टोकांना रोवलेल्या दोन-दोन काठ्या एवढ्यावर खेळ सुरू होतो. म्हणूनच गरीब-श्रीमंत असा भेद न राहता फुटबॉल हा साऱ्या गोव्याचा आवडता खेळ होऊन बसला.

गोव्यात आणि आपल्या किनाऱ्यावर पोटापाण्याची साधने थोडी होती. त्यामुळे मालवण-वेंगुर्ल्याचे चाकरमानी जसे मुंबईस जात, तसेच गोव्याचे लोकही मुंबईची वाट धरत. त्या काळी किनाऱ्याने आगबोटी चालत. पावसाळ्याचे दिवस सोडले, तर मुंबईहून निघालेली बोट कोकणातील बंदरे घेत घेत पणजीपर्यंत येई आणि माणसांना व त्यांच्या बोचक्यांना घेऊन परत जाई. मुंबईत आलेला मालवणी माणूस आपल्या गावकऱ्यांच्या खोलीत उतरे, तर गोव्याचा माणूस आपल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या कुडात उतरे. धोबीतलाव, कावेल, गिरगाव या भागांत असे अनेक कूड होते. गाव सोडून आलेल्या या माणसांनी आपली प्रार्थना आणि आपले संगीत यांच्याबरोबर फुटबॉलही मुंबईस आणला. मुंबईच्या अनेक संघांत गोव्याच्या खेळाडूंनी नाव कमावले. नेव्हिल डिसोझा हेही याच मुंबईच्या मैदानांवर घडले.

मुंबईतील फुटबॉलचे मुख्य स्थान म्हणजे कूपरेज मैदान. १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा ही देशातील जुन्या व मानाच्या स्पर्धांपैकी एक होती आणि तिचे सामने येथेच होत. या स्पर्धेसाठी कलकत्ता, हैदराबाद आदी ठिकाणांहून नामवंत संघ मुंबईस येत. फुटबॉलच्या खेळावरच उदरनिर्वाह व्हावा, अशी स्थिती मात्र त्या काळी नव्हती. मोठ्या कंपन्या आणि सरकारी खाती आपापले संघ बाळगीत. खेळाडूंना तेथे नोकरी मिळे, आणि काम सांभाळून ते सराव करीत. नेव्हिल हे टाटा स्पोर्ट्स क्लब व कॅलटेक्स या मुंबईच्या संघांतून खेळले. त्यांचे बंधू डेरेक हेही उत्तम फुटबॉलपटू म्हणून पुढे आले.

नेव्हिल हे आघाडीचे खेळाडू होते. फुटबॉलच्या संघात अकरा जण असतात. गोलरक्षक गोल राखतो, बचावपटू शत्रूचा हल्ला अडवतात, मधल्या फळीतील खेळाडू चेंडू पुढे पोहोचवतात आणि आघाडीचे खेळाडू तो प्रतिपक्षाच्या जाळीत धाडतात. मध्यभागी खेळणाऱ्या आघाडीपटूचे काम वरवर पाहता सर्वांत सोपे व सर्वांत मानाचे वाटते. परंतु ते तसे नाही. नव्वद मिनिटांच्या सामन्यात त्याच्या वाट्याला खरी संधी दोन-तीन वेळाच येते. उरलेला सारा वेळ त्याला प्रतिपक्षाच्या बलदंड बचावपटूंच्या गराड्यात धावावे लागते. चेंडू कोठे येईल याचा अंदाज त्याला इतरांच्या आधी घ्यावा लागतो. आणि ती संधी आली, की विचार करण्यास क्षणभरही सवड नसते. जो तयार असतो तोच गोल करतो. ही सदैव तयारी हाच नेव्हिल यांच्या खेळाचा प्राण होता.

भारतातील राज्याराज्यांच्या संघांसाठी १९४१ सालापासून संतोष करंडक स्पर्धा सुरू झाली. आरंभीच्या वर्षांत या स्पर्धेवर बंगालच्या संघाचा मोठा पगडा होता. मुंबईच्या संघास अंतिम विजय बरीच वर्षे हुलकावणी देत राहिला. अखेर १९५४-५५ च्या स्पर्धेत मुंबईने हा करंडक प्रथमच जिंकला. त्या विजयी संघात नेव्हिल डिसोझा होते. मुंबईचा हा तरुण आघाडीपटू आता साऱ्या देशातील जाणकारांच्या नजरेत भरला.

या सुमारास भारतीय फुटबॉलची स्थिती कशी होती? १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा संघ प्रथमच उतरला. त्यातील बहुतेक खेळाडू अनवाणी खेळत. फ्रान्ससारख्या देशाशी त्यांनी बरोबरीने झुंज दिली; परंतु पेनल्टीच्या दोन संधी वाया गेल्या आणि अगदी शेवटच्या क्षणी भारताचा १–२ असा पराभव झाला. अनवाणी पायांनी खेळणाऱ्या या खेळाडूंचे सर्वत्र कौतुक झाले. १९५१ साली दिल्लीत भरलेल्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने इराणला नमवून सुवर्णपदकही मिळवले. आपण योग्य मार्गावर आहोत, असे सर्वांना वाटू लागले.

पण पुढच्याच वर्षी, म्हणजे १९५२ साली, हा समज पार धुळीस मिळाला. फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे ऑलिंपिक स्पर्धा भरल्या होत्या. तेथील थंड हवामानात भारताचे अनवाणी खेळाडू युगोस्लाव्हियाच्या कसलेल्या संघापुढे उभे राहिले आणि त्यांचा १–१० असा दारुण पराभव झाला. एका सामन्यात दहा गोल! ही नामुष्की साऱ्या देशाच्या मनाला लागली. पराभवानंतर माणसे दोन प्रकारे वागतात. काही जण नशिबाला दोष देतात, तर काही जण आपल्या उणिवा शोधू लागतात. भारतीय फुटबॉलने दुसरा मार्ग पत्करला. अनवाणी खेळण्याचा जुना अभिमान बाजूस ठेवून पायांत बूट घालणे सक्तीचे करण्यात आले. हे बोलण्यास सोपे, पण करण्यास अवघड होते. लहानपणापासून उघड्या पायांनी चेंडू ओळखणाऱ्या खेळाडूंना सारे कसब नव्याने शिकावे लागले.

भारतीय संघाला नवे वळण लावण्याचे श्रेय सय्यद अब्दुल रहीम यांना जाते. हे हैदराबादचे गृहस्थ मुळात शाळेतील शिक्षक होते. त्यांनी हैदराबाद शहर पोलिसांच्या संघाला असे तयार केले, की त्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. चेंडू उगाच दूर भिरकावण्याऐवजी तो जमिनीलगत एकमेकांकडे चटकन देत पुढे जावे, आणि एकट्याच्या कौशल्यापेक्षा साऱ्या संघाच्या मेळावर भर द्यावा, असा त्यांचा कटाक्ष असे. १९५६ सालच्या मेलबर्न ऑलिंपिकसाठी भारतीय संघाचे मार्गदर्शक म्हणून रहीम यांनी जो संघ सिद्ध केला, तो खरोखरीच साऱ्या देशाचा संघ होता. बंगालचे समर बॅनर्जी हे कर्णधार होते. उजव्या बगलेवर वीस वर्षांचे प्रदीपकुमार बॅनर्जी होते. हैदराबादचे तुलसीदास बलराम, कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू, गोलरक्षक पीटर थंगराज आणि मुंबईकडून खेळणारे गोलरक्षक नारायण असे गुणी खेळाडू त्यात होते. निरनिराळ्या भाषा बोलणारे आणि निरनिराळ्या धर्मांचे हे तरुण मैदानावर मात्र चेंडूची एकच भाषा बोलत. याच संघात मध्य आघाडीसाठी नेव्हिल डिसोझा यांची निवड झाली.

या निवडीला आणखी एक अर्थ होता. गोवा मुक्त करण्यासाठी तेव्हा सत्याग्रह चालू होता. १५ ऑगस्ट १९५५ रोजी भारताच्या निरनिराळ्या भागांतून आलेले निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले, तेव्हा पोर्तुगीज शिपायांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. बांद्याजवळची पत्रादेवीची हद्द त्या दिवशी हुतात्म्यांच्या रक्ताने भिजली. यानंतर भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी केली आणि हद्दीवरून पूर्वीसारखे जाणे-येणे बंद झाले. मुंबईत राहणाऱ्या हजारो गोवेकरांची आपल्या गावापासून, आपल्या माणसांपासून ताटातूट झाली. पोर्तुगालच्या इतर वसाहतींतील खेळाडू त्या काळात पोर्तुगालचा पोशाख घालून खेळत असत. आफ्रिकेतील मोझांबिक येथे जन्मलेले मातातेऊ हे आघाडीपटू पोर्तुगालच्या संघातून खेळत होते; आणि पुढे मोझांबिकचेच युसेबिओ यांनी १९६६ सालच्या विश्वचषक स्पर्धेत पोर्तुगालसाठी नऊ गोल करून जगभर कीर्ती मिळवली. गोव्याचे नेव्हिल डिसोझा यांच्या अंगावर मात्र भारताचा पोशाख होता. गोव्याची माणसे मनाने कोणत्या देशाची आहेत, हे सांगण्यास वेगळ्या भाषणाची गरज नव्हती.

१९५६ सालच्या नोव्हेंबर महिन्यात भारतीय संघ ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी दाखल झाला. पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात तेव्हा उन्हाळा सुरू होत होता. जगात मात्र अशांतता पसरली होती. हंगेरी देशातील जनतेचा उठाव रशियाच्या रणगाड्यांनी नुकताच चिरडून टाकला होता. पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशीच पडायची होती. १९५२ सालचा ऑलिंपिक विजेता हंगेरी यंदा फुटबॉलच्या मैदानात उतरलाच नाही, आणि भारताला न खेळताच पुढच्या फेरीत प्रवेश मिळाला. तेथे त्याची गाठ पडली ती यजमान ऑस्ट्रेलियाशी.

१ डिसेंबर १९५६ हा तो दिवस. मैदान परके, प्रेक्षक परके आणि प्रतिपक्षाचे खेळाडू उंचेपुरे. भारतीय संघाचा टिकाव लागेल, असे फार थोड्यांना वाटत होते. परंतु खेळ सुरू होऊन नऊ मिनिटे होतात न होतात, तोच नेव्हिल यांनी चेंडू जाळीत धाडला. यजमान चकित झाले. सतराव्या मिनिटास ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरो यांनी बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटास नेव्हिल यांनी दुसरा गोल करून भारताला पुन्हा आघाडी मिळवून दिली. पण एकेचाळिसाव्या मिनिटास मॉरो यांनी तीही आघाडी पुसून टाकली. पूर्वार्ध संपला, तेव्हा दोन्ही संघांचे दोन-दोन गोल झाले होते. दोनदा पुढे जाऊन दोनदा बरोबरी झाली, की भल्याभल्यांचा धीर सुटतो. भारतीय संघाचा तो सुटला नाही.

उत्तरार्ध सुरू होऊन पाच मिनिटे झाली होती. सामन्याच्या पन्नासाव्या मिनिटास नेव्हिल यांनी आपला तिसरा गोल नोंदवला. एकाच खेळाडूने एका सामन्यात तीन गोल करणे, यास हॅटट्रिक असे म्हणतात. ऑलिंपिकच्या फुटबॉल स्पर्धेत अशी हॅटट्रिक करणारे नेव्हिल डिसोझा हे पहिले आशियाई खेळाडू ठरले. ऑस्ट्रेलियाला या तिसऱ्या गोलाचे उत्तर सापडले नाही. ऐंशीव्या मिनिटास किट्टू यांनी चौथा गोल केला आणि भारताने ४–२ असा विजय मिळवला. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा भारत हा आशिया खंडातील पहिला देश होता.

दोनच दिवसांनी, ३ डिसेंबर रोजी, नेव्हिल यांनी वयाची चोवीस वर्षे पूर्ण केली. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी उपांत्य सामना होता. समोर कोण उभे होते? तोच युगोस्लाव्हियाचा संघ, ज्याने चार वर्षांपूर्वी हेलसिंकीत भारतावर दहा गोल चढवले होते. त्या पराभवाची आठवण साऱ्यांच्या मनात ताजी होती. ४ डिसेंबरला मेलबर्नच्या प्रसिद्ध क्रिकेट मैदानावर दोन्ही संघ समोरासमोर आले. सुरुवातीपासून युगोस्लाव्हियाने हल्ल्यांमागून हल्ले चढवले, परंतु भारताचा बचाव ढळला नाही. पहिली पंचेचाळीस मिनिटे संपली आणि फलक कोराच राहिला. हेलसिंकीत दहा गोल खाणारा देश आज त्याच प्रतिस्पर्ध्याला एकही गोल करू देत नव्हता.

बावन्नाव्या मिनिटास तर आश्चर्यच घडले. नेव्हिल डिसोझा यांनी गोल केला आणि भारताने युगोस्लाव्हियावर १–० अशी आघाडी घेतली. अंतिम सामन्याचे, म्हणजेच निश्चित पदकाचे दार किलकिले झाले होते. परंतु डिवचलेल्या सिंहाप्रमाणे युगोस्लाव्हियाचा संघ चवताळून उठला. भारताची आघाडी अवघी दोन मिनिटे टिकली. चोपन्नाव्या मिनिटास पापेत्स यांनी बरोबरी साधली. सत्तावन्नाव्या मिनिटास वेसेलिनोविच यांनी दुसरा, तर पासष्टाव्या मिनिटास पापेत्स यांनी तिसरा गोल केला. अखेरीस एक चेंडू भारताच्याच खेळाडूकडून आपल्या जाळीत गेला आणि सामना १–४ असा संपला. ७ डिसेंबरला तिसऱ्या क्रमांकासाठी झालेल्या सामन्यात बल्गेरियाने भारतास ०–३ असे हरवले. कांस्यपदक हातचे गेले व भारताला चौथ्या स्थानावर समाधान मानावे लागले.

यानंतर काही दिवसांनी भारतीय संघ सिडनी येथे ऑस्ट्रेलियाशी पुन्हा एकदा, या वेळी मैत्रीचा सामना खेळला. मेलबर्नमधील पराभव हा योगायोग होता, असे ऑस्ट्रेलियात कोणाला वाटत असेल, तर त्याचे निरसन या सामन्याने झाले. भारताने तो ७–१ असा जिंकला.

मेलबर्नच्या त्या स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे प्रत्येकी चार गोल, तीन खेळाडूंनी केले. युगोस्लाव्हियाचे वेसेलिनोविच, बल्गेरियाचे मिलानोव आणि भारताचे नेव्हिल डिसोझा. हे तिघेही ज्या संघांतून खेळले, त्यांनी तीन-तीन सामने खेळले. युगोस्लाव्हियाने त्या सामन्यांत तेरा गोल केले आणि रौप्यपदक मिळवले. बल्गेरियाने दहा गोल केले आणि कांस्यपदक मिळवले. भारताने पाचच गोल केले. त्यांपैकी चार एकट्या नेव्हिल यांचे होते. या आकड्यांचा नीट विचार केला, म्हणजे त्यांच्या कामगिरीचे मोल कळते. बलाढ्य संघात गोलाच्या संधी वारंवार चालून येतात. दुबळ्या समजल्या जाणाऱ्या संघाच्या आघाडीपटूला मात्र मिळालेली एखादी संधीही दवडून चालत नाही. नेव्हिल यांनी ती दवडली नाही. तथापि या तिघांपैकी पदकावाचून परतले ते तेवढे एकटेच.

याच स्पर्धेत भारताच्या हॉकी संघाने पाकिस्तानला हरवून सलग सहावे सुवर्णपदक जिंकले. देशात जो जयघोष झाला, तो साहजिकच हॉकीपटूंचा झाला. चौथ्या क्रमांकाच्या फुटबॉल संघाकडे त्या मानाने थोड्यांचेच लक्ष गेले. सोन्याचा झळाळ असा असतो, की शेजारी ठेवलेले अस्सल चांदीचे भांडेही त्यापुढे दिसेनासे होते. नेव्हिल मुंबईस परतले आणि पुन्हा आपल्या संघाकडून कूपरेजच्या मैदानावर उतरू लागले. कॅलटेक्सच्या संघाने १९५८ साली रोव्हर्स चषक जिंकला.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. तेरेखोलच्या पलीकडील मुलखावरही तिरंगा फडकला आणि ज्या देशाचा पोशाख नेव्हिल यांनी पाच वर्षांपूर्वी मेलबर्नमध्ये अंगावर घातला होता, त्याच देशाचा त्यांची मायभूमी कायमचा भाग झाली. ताटातूट झालेली माणसे पुन्हा एकमेकांस भेटू लागली. १९६२ साली जाकार्ता येथे रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक दुसऱ्यांदा पटकावले. मेलबर्नमधील काही सवंगडी त्या विजयात सामील होते. पुढच्याच वर्षी रहीम यांचे निधन झाले. भारताचा फुटबॉल संघ १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये खेळला खरा, परंतु त्यानंतर त्याला ऑलिंपिकमध्ये पुन्हा प्रवेश मिळालेला नाही. त्यामुळे १९५६ सालचे चौथे स्थान हे ऑलिंपिकमधील भारतीय फुटबॉलचे सर्वोच्च स्थान ठरले आहे.

नेव्हिल डिसोझा यांना दीर्घायुष्य लाभले नाही. १६ मार्च १९८० रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ज्याचे पराक्रम साऱ्या देशाने मिरवावेत, असा हा खेळाडू बऱ्याच अंशी अप्रसिद्धीतच गेला. त्यांच्या सामन्यांची चित्रे आज घरोघरी पाहता येत नाहीत. त्यांचे नाव जाणकारांच्या बोलण्यात आणि स्पर्धांच्या नोंदींत तेवढे टिकून आहे. पण नोंद खरी असली, की ती काळाच्या ओघातही पुसली जात नाही. ऑलिंपिक फुटबॉलच्या इतिहासात १९५६ हे साल उघडले, की सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीत भारताचे नाव आढळते, आणि त्यापुढे नेव्हिल डिसोझा हे नाव लिहिलेले असते.

त्यांच्या चरित्रातून कोणता बोध घ्यावा? पहिला असा, की पराभव हा शेवट नसतो. हेलसिंकीच्या दहा गोलांनी भारतीय फुटबॉल खचून गेला असता, तर मेलबर्नचा दिवस उगवलाच नसता. दुसरा असा, की मोठे यश एकट्याचे नसते. गोल एकाच्या नावावर मांडला जातो. पण गोलरक्षकापासून निघून दहा जणांच्या पायांतून फिरलेला चेंडू त्याच्यापाशी येतो, तेव्हाच तो गोल होतो. आणि तिसरा असा, की संधी केव्हा येईल हे आपल्या हाती नसले, तरी तिच्यासाठी तयार राहणे आपल्या हाती असते. नव्वद मिनिटांत दोन-तीनदाच येणाऱ्या क्षणासाठी नेव्हिल सतत धावत राहिले.

मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी येथील मैदानांवर आणि कापणी झालेल्या शेतांत मुले आजही चेंडू खेळतात. तेरेखोलच्या पलीकडेही असाच खेळ रंगलेला असतो. त्या खेळणाऱ्या प्रत्येक मुलाने आणि मुलीने हे ध्यानी ठेवावे, की या किनाऱ्यावरच्या एका तरुणाने साऱ्या जगाच्या मैदानावर आपल्या देशाचे नाव एकाच सामन्यात तीनदा फलकावर झळकवले होते. पदक त्याला मिळाले नाही. पण आपल्या वाट्याचे काम त्याने पुरेपूर केले. खेळाडूच्या जीवनाची खरी कसोटी हीच होय, आणि त्या कसोटीस नेव्हिल डिसोझा पूर्णपणे उतरले.